इसब आहे म्हणून फ्लूची लस टाळू नका

"ताई, याच्या अंगाला इसब आहे. याला सुई नको, अंगभर उठेल." आमच्या तपासणी शिबिरात एका आजींनी नातवाचा हात मागे ओढला. पोराच्या कोपराच्या आतली आणि गुडघ्यांमागची कातडी खाजवून खाजवून जाड, काळी झालेली. वर दमाही. म्हणजे फ्लू झाला तर ज्याला जास्त त्रास व्हायचा, तोच लसीवाचून राहणार.

आजींना हसू नका. त्यांच्या लहानपणी देवीची लस टोचत. त्या लसीत जिवंत विषाणू असे आणि इसब असलेल्या माणसाच्या अंगावर तो सगळीकडे पसरू शके. घरातल्या दुसऱ्याला टोचलेल्या फोडातूनही तो लागे. काहींचा त्यात जीव गेला. म्हणून इसब असलेल्यांना ती लस देऊ नये, असे डॉक्टरच सांगत. 1980 साली देवीचा रोग जगातून गेल्याचे जाहीर झाले आणि ती लसही बंद झाली. 'इसबाला सुई नको' हे मात्र घराघरांत राहिले.

फ्लूच्या टोचायच्या लसीत जिवंत विषाणू नसतो. त्यामुळे तिच्याने फ्लू होत नाही आणि इसबावर काही पसरतही नाही. एक-दोन दिवस दंड दुखतो, कधी कणकण येते, एवढेच.

मग इसब असलेल्याच्या शरीरात ती काम करते का? हा प्रश्न अमेरिकेत डॉ. डोनाल्ड लियुंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासला. 2017 साली त्यांचे निष्कर्ष छापून आले. तीनशेहून अधिक मोठी माणसे त्यात होती, काही मध्यम ते तीव्र इसब असलेली, काही निरोगी. काहींना सुई स्नायूत दिली, काहींना कातडीच्या थरात. कातडीत म्हणजे बाळाला बीसीजी देतात तशी. एकूण पाहता इसबवाल्यांना निरोगी माणसांइतकेच संरक्षण मिळाले.

पण एक फरक निघाला. इसब असलेल्या बहुतेकांच्या कातडीवर स्टॅफिलोकॉकस ऑरियस नावाचे जंतू ठाण मांडून असतात. जखम चिघळते, पू होतो, तो बहुतेक वेळा यांच्यामुळेच. हे जंतू ज्यांच्या कातडीवर होते, त्यांना सुई कातडीत दिली तेव्हा फ्लूच्या काही प्रकारांविरुद्ध शक्ती कमी तयार झाली. स्नायूत दिली तेव्हा असा फरक दिसला नाही. म्हणून इसबवाल्यांना लस स्नायूतच द्यावी, असे त्यांनी सुचवले. आपल्याकडे फ्लूची सुई एरवीही दंडाच्या स्नायूतच देतात, तान्ह्या बाळाला मांडीत. तरी सिस्टरला इसबाचे सांगा आणि चिघळलेल्या जागी टोचू देऊ नका. एका दंडावर चट्टा असेल तर दुसरा पुढे करा.

इसबाला लावायचे मलम चालू असले तरी लस घेता येते. स्टेरॉइडच्या किंवा प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना सांगा. लसीसाठी म्हणून त्या आपल्या मनाने बंद करू नका, हे मी दहादा सांगते, कारण लोक करतात. अंड्याची अ‍ॅलर्जी असेल तर तेही सांगा. पूर्वी तेवढ्यावरून लस नाकारत, आता सहसा नाकारत नाहीत. आधीच्या फ्लूच्या लसीनेच श्वास कोंडला असेल, तर मात्र घेऊ नका.

ही लस दरवर्षी घ्यावी लागते आणि असर यायला दोन आठवडे लागतात, म्हणून पावसाळ्याआधी घेतलेली बरी. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला देत नाहीत. लहान मुलाला पहिल्याच वर्षी देत असाल तर महिन्याच्या अंतराने दोन सुया लागतात.

आता पैशांचे. मुलांच्या नेहमीच्या मोफत सरकारी लसीत ही येत नाही. विकत घ्यायची तर दोन-तीन दिवसांचा रोज जातो, हे मला माहीत आहे. त्यामुळे आधी पालिकेच्या दवाखान्यात विचारा. दमा, मधुमेह असलेले आणि गरोदर बाया यांनी तर विचाराच. एकट्याने गेल्यावर 'नाही' ऐकून परत यावे लागते, म्हणून वस्तीतल्या चार-पाच बायांनी मिळून जा.