घर घेतलं, पण सांगायचं कुणाला?

श्रावणात खान्देशात कानबाई देवी बसते, तेव्हा पोटापाण्यासाठी बाहेर गेलेली माणसं गावाकडे येतात. सुरत, पुणे, नाशिक, मुंबई. जिथे असतील तिथून. कानबाईचे रोट भाऊबंदांनीच मिळून खायचे, अशी रीत आहे. धुळ्याहून शिरपूरकडे जाताना मुंबई-आग्रा महामार्गावर लागणारं सोनगीर तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी ओळखलं जातं. तिथल्या घरांतही त्या दोन दिवसांत चुलत, मावस, आते अशी सगळी नाती एका छपराखाली येतात. आणि मग पहिला नाही तर दुसरा प्रश्न ठरलेला असतो : ‘काय भाऊ, पुनाले घर लिधं म्हने! कितलाले पडनं?’

प्रश्न मायेचा असतो. तरीही उत्तर देणारा अडखळतो. घराची किंमत सांगितली की मागोमाग पगाराचा अंदाज येतो, पगाराच्या अंदाजामागून उसनवारी येते. धाकट्याच्या लग्नाचा खर्च, पुतण्याच्या कॉलेजची फी, शिकायला आलेल्या भाच्याची राहायची सोय, सगळ्यांची नजर त्या दोन खोल्यांकडे वळते. वाटणी व्हायची असेल तर प्रकरण आणखी नाजूक होतं. ‘बापाने त्याला पैसे दिले असतील, म्हणून जमलं,’ हे वाक्य एकदा कुणी बोललं की वर्षानुवर्षं विरत नाही. त्यातून आजचं बहुतेक घर कर्जाचं असतं. बाहेरच्याला फ्लॅट दिसतो, वीस वर्षांचा हप्ता दिसत नाही. म्हणून अनेक जण ठरवतात, सांगायचंच नाही. भाड्याने राहतो म्हणायचं, वास्तुशांत चार माणसांत उरकायची, दारावर पाटी लावायची नाही.

हा विचार चुकीचा म्हणता येत नाही. आपल्या मिळकतीची चर्चा ओट्यावर होऊ नये असं वाटणं साहजिक आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने 24 ऑगस्ट 2017 रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिलेला आहे. फक्त घर-जमिनीच्या बाबतीत एक गोष्ट आधीच समजून घ्यायला हवी. तोंड बंद ठेवता येतं, कागद बंद ठेवता येत नाही.

घराचा दस्त दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदला गेला की त्याचा गोषवारा ‘सूची क्रमांक 2’ या कागदावर उतरतो. बँकेत, सोसायटीत, वकिलाकडे सगळीकडे मागितला जाणारा ‘इंडेक्स टू’ तो हाच. एकदा नीट वाचण्यासारखा कागद आहे. वर विलेखाचा प्रकार, त्याखाली मोबदला, म्हणजे प्रत्यक्ष ठरलेली रक्कम, आणि बाजारभाव. मग भूमापन क्रमांक, पोटहिस्सा, घरक्रमांक, क्षेत्रफळ. पुढे लिहून देणाऱ्याचं नाव, वय, पत्ता. लिहून घेणाऱ्याचं नाव, वय, पत्ता. दस्त केल्याची तारीख, नोंदवल्याची तारीख, भरलेलं मुद्रांक शुल्क, नोंदणी फी आणि शेवटी शेरा. कानबाईच्या पंगतीत टाळलेलं उत्तर या एका पानावर आकड्यासकट छापलेलं असतं.

आणि हे पान कुणीही पाहू शकतं. नोंदणी अधिनियम 1908 मधलं कलम 57 सांगतं की स्थावर मालमत्तेच्या दस्तांचं पुस्तक आणि त्याच्या सूची, फी भरून अर्ज करणाऱ्या कोणत्याही व्यक्तीला पाहता येतील. ‘तुमचा काय संबंध?’ असं तिथे विचारलं जात नाही. मुंबईतल्या नटनट्यांनी, क्रिकेटपटूंनी कितीला फ्लॅट घेतला, मुद्रांक शुल्क किती भरलं, याच्या बातम्या आकड्यांसकट येतात त्या याच नोंदींमुळे. त्यासाठी कुणाच्या घरात डोकवावं लागत नाही.

शेतजमिनीचं तर आणखी उघड. सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर घरबसल्या दिसतो, गट क्रमांक माहीत नसला तरी नाव-आडनावावरून शोधता येतो. डिजिटल सहीचा उतारा 15 रुपयांत मिळतो. खरेदीनंतर फेरफाराची नोंद धरली की महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 150 प्रमाणे तिची प्रत चावडीवर लावावी लागते आणि हितसंबंधितांना नोटीस द्यावी लागते. आता ती चावडीही मोबाइलवर आली आहे. ‘आपली चावडी’ या सुविधेत जिल्हा, तालुका, गाव निवडलं की फेरफार क्रमांक, प्रकार, तारीख, गट क्रमांक आणि हरकत घेण्याची शेवटची तारीख समोर येते. सुरतेत बसलेला चुलतभाऊ गावात कुणी काय घेतलं हे तलाठ्याला न भेटता पाहू शकतो. गावठाणातल्या घरांचं पूर्वी एवढं नव्हतं. तिथे ग्रामपंचायतीचा नमुना आठ हाच काय तो आधार. 2020 साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत घरांच्या हद्दींवर चुना टाकून ड्रोनने मोजणी होऊ लागली आणि गावठाणातल्या घरांनाही मिळकत पत्रिका मिळू लागली.

थोडा आडोसा आहे, तोही सांगायला हवा. शहरातल्या फ्लॅटच्या ऑनलाइन शोधात गाव, वर्ष आणि मिळकतीचा क्रमांक लागतो. घर कुठे आहे हेच माहीत नसेल, तर नुसत्या नावावरून ते हाती लागणं अवघड. खरेदीआधी वर्तमानपत्रात दिली जाणारी ‘जाहीर नोटीस’ही पाहावी. तिच्यात विकणाऱ्याचं नाव आणि मिळकतीचं वर्णन असतं, पण घेणाऱ्याचा उल्लेख पुष्कळदा ‘माझे अशील’ एवढाच असतो. वकिलाला नाव छापू नका म्हणून सांगता येतं. मात्र 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यावर भिस्त ठेवू नये. कायद्याने जी माहिती जाहीर करणं बंधनकारक आहे, तिला हा कायदा लागू होत नाही.

सरकारला एवढं उघडं का ठेवायचं असतं? कारण साधं आहे. एकच जागा दोघांना विकली जाऊ नये, गहाण टाकलेलं घर निर्वेध म्हणून कुणाच्या गळ्यात मारलं जाऊ नये. मालमत्ता हस्तांतरण कायदा तर असं धरूनच चालतो की नोंदलेला दस्त सगळ्यांना माहीत आहे. ‘मला ठाऊक नव्हतं’ ही सबब मग घेणाऱ्याला सांगता येत नाही.

पण कागद दडवण्याची आपली सवय या कायद्यांहून जुनी आहे, आणि तिला तसं कारणही घडलेलं आहे. 1852 च्या कायद्याने इंग्रजांनी मुंबई इलाख्यात इनाम कमिशन बसवलं. पिढीजात इनामांच्या सनदा तपासायला मागितल्या आणि पुरावा अपुरा म्हणून अनेक इनामं खालसा केली. कागद दाखवला की जमीन जाते, ही धास्ती त्यातून बसली. पुढे इतिहासाचार्य वि. का. राजवाडे दप्तरं शोधत गावोगाव फिरले, तेव्हा हीच धास्ती त्यांना दारोदार भेटली. माळ्यावर रुमालात बांधलेले कागद वाळवीला गेले तरी चालतील, परक्याला दाखवायचे नाहीत, असं म्हणणारी घराणी कमी नव्हती. राजवाडे 31 डिसेंबर 1926 रोजी धुळ्यात वारले. त्यांनी जमवलेले कागद जपण्यासाठी तिथेच त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं राहिलं. ते सोनगीरपासून फार लांब नाही. महाराष्ट्राचा इतिहास ज्यांच्या आधारे लिहिला गेला, त्यात वतनाचे, वाटणीचे, घराच्या हद्दीचे असे पुष्कळ घरगुती कागद आहेत.

इतर देशांनी या पेचाची वेगवेगळी उत्तरं काढली. इंग्लंड-वेल्समध्ये जमिनीचं रजिस्टर 1990 च्या डिसेंबरपासून सर्वांना खुलं आहे. थोडी फी भरली की मालकाचं नाव मिळतं. जर्मनीत उलट. तिथे रजिस्टर पाहायचं तर आपला रास्त संबंध दाखवावा लागतो, शेजाऱ्याचं कुतूहल हा संबंध धरत नाहीत. अमेरिकेत नोंदी खुल्या असतात, म्हणून ज्यांना परवडतं ते ट्रस्टच्या किंवा कंपनीच्या नावाने घर घेतात. आपला कायदा इंग्लंडच्या बाजूचा आहे.

तो तसा आहे याचा सगळ्यात मोठा आधार बहिणींना आहे, आणि खान्देशात हे ठासून सांगायला हवं. महाराष्ट्राने 1994 मध्ये आणि केंद्राने 2005 मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच वाटा दिला. बाप 2005 मध्ये हयात नसला तरी हा हक्क राहतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 च्या निकालात स्पष्ट केलं. तरीही बाप गेल्यावर वारसांच्या नोंदीत फक्त भावांची नावं चढवली जातात. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवलं जातं, ‘इथे सही कर, बाकी आम्ही बघतो’. कागद कसला, मिळकत किती, हे तिला सांगितलेलं नसतं. अशा बहिणीला सासरी बसून सातबारा पाहता येतो, चावडीवरची नोटीस पाहून मुदतीत हरकत घेता येते. आपलं घर कुणाला दिसू नये असं वाटणाऱ्या भावाला जी खिडकी खुपते, तीच तिच्या उपयोगाची आहे.

इथे एक भेद करावाच लागतो. आपल्या कमाईच्या घराची किंमत चुलत्याला न सांगणं हा ज्याचा त्याचा हक्क. पण ज्यांचा त्या घरात वाटा आहे, ज्यांचं पोट त्याच्या हप्त्याशी बांधलेलं आहे, त्यांच्यापासून तेच घर दडवणं हा अन्याय आहे. नात्यात ओरड नको म्हणून काही जण मेहुण्याच्या किंवा मित्राच्या नावाने घर घेतात. पैसा आपला, नाव दुसऱ्याचं. 1 नोव्हेंबर 2016 पासून लागू झालेल्या सुधारित बेनामी कायद्यात याला एक ते सात वर्षं सक्तमजुरी, बाजारभावाच्या 25 टक्क्यांपर्यंत दंड आणि मिळकत सरकारजमा होण्याची तरतूद आहे. नवरा-बायको आणि मुलं यांच्या नावाने, उघड कमाईतून घेतलेलं घर त्यात येत नाही. भाऊ, बहीण, आई-वडील यांच्या बाबतीत घेणाऱ्याचंही नाव सोबत लागतं. मेहुण्याला आणि मित्राला सूट नाही.

बायकोपासून लपवण्याचं तर काहीच समर्थन होऊ शकत नाही. पोटगीच्या दाव्यात दोघांनाही आपापल्या मिळकतीचं आणि देण्याचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयाने 4 नोव्हेंबर 2020 रोजी ठरवून दिलं आहे. तिथे हे उघडं पडतंच. पण दावे-फिर्यादी कुठल्याच नसलेल्या घरातही नुकसान होतं. कर्ता माणूस अचानक गेला आणि परगावच्या फ्लॅटबद्दल कुणालाच माहीत नसेल, तर हप्ते थकतात, बँकेच्या नोटिसा बंद दारावर लागतात. मूळ दस्त बँकेकडे आहे, कर्जाला विमा काढलेला होता, हे विधवेला दुसऱ्याच कुणाकडून कळतं. विम्याने सगळं कर्ज फिटलं असतं, अशाही वेळी घर हातचं जाऊ शकतं. आपल्याकडे किती घरांत नवऱ्याने बायकोसमोर फाइल उघडून ‘हे बघ, हे असं आहे’ म्हटलं असेल, हा प्रश्न आपापल्या घरात विचारावा.

खरंच गुप्त ठेवायचं असेल असं काही असतं. आपल्या मागे घर कुणाला, हा निर्णय हयातीत जाहीर झाला तर चार मुलांत चार तोंडं होतात, ही भीती म्हाताऱ्या आई-बापांना असते आणि ती खरी असते. त्यासाठी कायद्याने आडोसा ठेवला आहे. नोंदवलेलं मृत्युपत्र वेगळ्या पुस्तकात जातं, आणि करणारा हयात असेपर्यंत त्याची नक्कल त्याला स्वतःला किंवा त्याच्या मुखत्यारालाच मिळते. मुलाने कितीही खटपट केली तरी मिळत नाही. त्याहून पुढचीही सोय आहे. मृत्युपत्र मोहोरबंद पाकिटात घालून जिल्हा निबंधकाकडे ठेवता येतं. पाकिटावर नाव आणि आत मृत्युपत्र आहे एवढंच लिहायचं. मजकूर निबंधकालाही कळत नाही. ठेवणारा हवं तेव्हा पाकीट परत मागू शकतो, आणि तो गेल्यावर कुणी अर्ज केला की अर्जदारासमोर ते उघडतात. सोनगीरच्या माणसाला त्यासाठी धुळ्यापर्यंतच जावं लागेल. पाकीट ठेवलं आहे एवढं मात्र घरातल्या एका तरी माणसाला सांगून ठेवावं लागतं, कारण कुणी अर्ज केल्याशिवाय ते उघडलं जात नाही.