बारा वर्षांनी परतली अन् ३८ व्या वर्षी जिंकली!

जपानची किमिको दाते १९९५ मध्ये टेनिसच्या जागतिक क्रमवारीत चौथी होती. पुढच्याच वर्षी, अवघ्या २६ व्या वर्षी, तिने रॅकेट खाली ठेवली. २००८ मध्ये ती परत आली, तेव्हा वय ३७. पण जुना नंबर काही मिळाला नाही. टेनिसमध्ये मागच्या ५२ आठवड्यांचेच गुण धरतात, म्हणजे आधीची सगळी कमाई गेली अन् खातं कोरं! मग छोट्या स्पर्धांपासून सुरुवात, समोर निम्म्या वयाच्या पोरी. २००९ मध्ये सोलची स्पर्धा तिने जिंकली. दुसऱ्याच दिवशी तिला ३९ वं वर्ष पूर्ण झालं. २०१३ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये तर ४२ वर्षांच्या दातेनं बाराव्या मानांकित पेत्रोव्हाला ६-२, ६-० असं धुतलं. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर २०१७ मध्ये टोकियोत ती शेवटची खेळली.