‘होल्ड’ : गुराख्यापासून तलाठी दप्तरापर्यंत

टेलिफोनवर ‘जरा होल्ड करा’ असे आपण सहज म्हणतो. ‘धरणे’ या अर्थाच्या या इंग्रजी शब्दाचे नाते मात्र गुराख्याशी आहे. गॉथिक या प्राचीन भाषेत ‘हल्दन’ म्हणजे गुरे राखणे. राखण्यातून सांभाळणे व त्यातून जवळ बाळगणे, असा अर्थविस्तार मानला जातो. आपल्या ‘राखणे’ या क्रियापदातही हे अर्थ एकत्र नांदतात. जहाजातील माल ठेवण्याचा ‘होल्ड’ मात्र निराळा. तो पोकळीवाचक ‘होल’ या शब्दाचे बदललेले रूप होय.

महसुली कामात हा शब्द जपून वापरावा लागतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 नुसार जमीन धारण करणे म्हणजे ती कायदेशीररीत्या कब्जात असणे, मग तो कब्जा प्रत्यक्ष असो वा नसो. शेत वाट्याने देऊन मुंबईत राहणारा खातेदार त्यामुळे धारकच ठरतो. शेजाऱ्याचा बांध कोरून पीक घेणारा मात्र, माती मुठीत असूनही, धारक नव्हे. याउलट, 1961 च्या कमाल जमीनधारणा कायद्यात कब्जा कायदेशीर तर हवाच, शिवाय प्रत्यक्षही हवा, आणि तो मालक म्हणून असो वा कूळ म्हणून, धारणेत मोजला जातो. ग्रामस्थांना ‘धारक’ शब्द समजावून देताना कोणता कायदा समोर आहे, हे आधी पाहिलेले बरे.