दम आधी परततो, पोटऱ्या नंतर

नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत उभी हयात शिफ्ट करून रिटायर झालेला माणूस पहाटे चालायला बाहेर पडतो. अंगात थोडी ऊब आली की त्याला पळावंसं वाटतं, कारण तरुणपणी तो पळलेला असतो. मग घरूनच पहिला सल्ला मिळतो, "या वयात पळाल तर गुडघे जातील."

गुडघ्यांची ही भीती जुनी आहे, पण आकडे तिच्या बाजूचे नाहीत. 2017 मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं, तेव्हा हौशी धावपटूंमध्ये गुडघ्याची किंवा खुब्याची झीज 3.5 टक्के निघाली आणि न पळणाऱ्यांमध्ये 10.2 टक्के. स्पर्धेत उतरणाऱ्यांमध्ये मात्र ती 13.3 टक्के होती. अर्थात ज्यांचे गुडघे चांगले असतात तेच पळत राहतात, हेही इथे लक्षात घ्यायला हवं. झीज आधीच झाली असेल तर डॉक्टरांना विचारूनच पळावं.

"गेलेला दम परत येत नाही," हाही असाच समज. अमेरिकेत डॅलस इथे 1966 साली विशीतल्या पाच तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवलं होतं. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं. तीस वर्षांच्या वयाने त्यांचा जेवढा दम घटवला होता, त्याहून जास्त त्या तीन आठवड्यांच्या झोपण्याने घटवला होता! मग पन्नाशीतल्या या पाच जणांनी सहा महिने चालणं, हळू पळणं, सायकल असा व्यायाम हळूहळू वाढवत नेला. वयाने गेलेली क्षमता जवळजवळ सगळी भरून आली.

खरी गोची यापुढे आहे. दम काही आठवड्यांत सुधारायला लागतो, पण टाचेमागची कंडरा आणि नडगीचं हाड यांना पळण्याचा भार पेलायला महिने लागतात. छाती म्हणते चल, आणि माणूस पंचविशीतला वेग काढतो. पोटरी धरते, टाच सुजते आणि दोष वयाला जातो. माझ्या मते तो दोष घाईचा आहे. एक मिनिट पळा, दोन मिनिटं चाला, तेही एक दिवसाआड. दुसऱ्या दिवशी पलंगावरून उतरताना टाच ठणकली तर वाढवायचं नाही. मविप्र मॅरेथॉनला नाव घालायची घाई तर नकोच.

मातीवर पळालं की सांधे वाचतात, असंही सांगतात. पण जमीन मऊ की कडक, त्याप्रमाणे पाय आपला ताठरपणा आपोआप बदलतो. खडबडीत जमिनीवर पहाटेच्या अंधारात घोटा मुरगळण्याचा धोकाच मोठा.

घड्याळातल्या ठोक्यांवरही फार विसंबू नये. 220 वजा वय हा ढोबळ हिशेब आहे, आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या ठोके मुळातच कमी ठेवतात. पळताना पूर्ण वाक्य बोलता आलं, तर वेग ठीक.

मधुमेह, रक्तदाब किंवा घरात हृदयविकार असेल तर सुरुवातीआधीच तपासणी करावी. आणि पळताना छातीत जडपणा आला, डावा हात किंवा जबडा दुखला, चक्कर आली, तर "गॅस झाला असेल" म्हणून सोडा पीत घरी बसू नये. तिथेच थांबून कोणाला तरी हाक मारावी आणि थेट दवाखाना गाठावा.