ब्राउझर उघडत नाही? फॉरमॅट मारण्याआधी एवढे पाहा



ऊस विकास खात्याने ऊस सोडून हे भलतेच काय काढले, असे आपणांपैकी काहींना वाटेल. परंतु गेल्या काही वर्षांत आमच्या गट कार्यालयांत हुमणी, तांबेरा आणि लोकरी मावा यांच्या जोडीने आणखी एक तक्रार नेमाने येऊ लागली आहे. "साहेब, क्रोम उघडंना. पोरगा म्हणतोय फॉरमॅट मारायला लागंल." कागल तालुक्यात दूधगंगेच्या काठापासून चिकोत्रा खोऱ्यापर्यंत कुठेही जा, ही तक्रार कानावर पडतेच.

हा विषय आता उसाच्या बांधाबाहेरचा राहिलेला नाही. सोसायटीत पीककर्जाचा कागद करायचा तर सातबारा आणि आठ-अ लागतो. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १५ रुपये भरून घरबसल्या निघतो खरा, पण तो ब्राउझरमधून निघतो. ठिबकच्या अनुदानाचा अर्ज महाडीबीटीवर, पी. एम. किसानची कामे त्यांच्या संकेतस्थळावर. १५ एप्रिल २०२५ पासून राज्यात कृषी योजनांच्या लाभासाठी शेतकरी ओळख क्रमांक बंधनकारक झाला आहे. या सगळ्या कामांची खिडकी म्हणजे क्रोम, एज, फायरफॉक्स यांसारखे ब्राउझर. अर्जाच्या शेवटच्या दिवशी ती खिडकी उघडली नाही, तर हेलपाटा वाया जातो तो वेगळाच, शिवाय कधी कधी वर्षाचे अनुदानही हुकते.

संगणक आपल्या जिल्ह्यात गावोगावी पोचला तो उसाच्या मागोमाग, हे नव्या पिढीला कदाचित ठाऊक नसेल. १९९८ साली वारणानगर परिसरात 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावांसाठी तो होता, आणि गावातल्या केंद्रावर उसाची नोंद, तोडणी, बिल यांची माहिती मिळावी अशी त्यात सोय होती. पुढे २००६-०७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या संशोधकांनी तेथे पाहणी केली. संगणकाचा वापर मुख्यतः उसाच्या माहितीपुरताच होतो असे दिसले, म्हणून त्यांनी ७ गावांत तीच माहिती मोबाईलच्या एस.एम.एस.वर देऊन पाहिली. साध्या फोनला बिघडायला तरी काय होते! आता मात्र आपण फिरून ब्राउझरवर येऊन ठेपलो आहोत, आणि त्याची देखभाल आपल्याच अंगावर आहे.

मोटर चालू झाली नाही म्हणून आपण लगेच ती काढून रिवाइंडिंगला नेत नाही. आधी तिन्ही फेज आहेत का बघतो, मग फ्यूज, मग स्टार्टर. मोटर फिरते आणि पाणी येत नाही, तर फूटव्हॉल्व्ह बघतो. ब्राउझरच्या बाबतीत मात्र आपण पहिल्याच झटक्याला रिवाइंडिंगवर, म्हणजे फॉरमॅटवर जातो. फॉरमॅट मारला की संगणक चालू होतो हे खरे. पण त्यासोबत सोसायटीच्या याद्या, उताऱ्यांच्या फायली, पोरांचे दाखले, घरचे फोटो असे काय काय पुसले जाते याचा हिशेब कोणी मांडत नाही. ब्राउझर न उघडण्याच्या बहुतेक तक्रारींत फॉरमॅटची गरज नसते, असा आमचा अनुभव आहे.

तेव्हा पहिली गोष्ट म्हणजे काम आधी, दुरुस्ती मागाहून. विंडोज १० किंवा ११ असलेल्या संगणकावर एज नावाचा ब्राउझर आधीपासून असतोच. क्रोम रुसला तर एजवर सातबारा काढून घ्यावा आणि सोसायटीची वेळ गाठावी. संगणकावर फायरफॉक्सही घालून ठेवावा. तो फुकट मिळतो, आणि दुखणे ओळखायला त्याचा उपयोग होतो. क्रोम आणि एज यांचे इंजिन मूळ एकाच घराण्यातले, फायरफॉक्सचे वेगळे. एकटा क्रोम उघडत नसेल तर दोष क्रोममध्ये आहे. तिन्ही उघडत नसतील तर दोष संगणकात आहे, आणि क्रोम काढून पुन्हा घालून काही साधणार नाही.

दुसरे, 'उघडत नाही' म्हणजे नेमके काय होते ते नीट बघावे. खिडकीच येत नाही? खिडकी येऊन लगेच मिटते? की खिडकी येते, पण पान येत नाही? ही तीन वेगवेगळी दुखणी आहेत. तिसऱ्यात ब्राउझर धडधाकट असतो, दोष बहुधा नेटचा किंवा पलीकडच्या संकेतस्थळाचा असतो. मोटर फिरते, पाणी येत नाही, त्यातलाच प्रकार. अशा वेळी दुसरे कोणतेही संकेतस्थळ उघडून पाहावे. ते उघडले तर सरकारी सर्व्हरवर गर्दी आहे असे समजून चहा घेऊन यावे.

खिडकीच येत नसेल तर आपली मंडळी काय करतात? चिन्हावर टकटक टकटक दहा वेळा दाबतात. जुन्या संगणकाला आधीच धाप लागलेली, त्यात दहा हुकूम. एकदा दाबून अर्धा-एक मिनिट थांबावे. पुष्कळदा असे असते की आधीचा ब्राउझर वरून बंद दिसतो, पण आत अडकून बसलेला असतो आणि नव्याला दार उघडू देत नाही. फायरफॉक्स तर तसे बजावून सांगतो की, मी आधीच चालू आहे पण प्रतिसाद देत नाही. त्यासाठी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबावीत. टास्क मॅनेजर नावाची यादी येते. तीत ब्राउझरचे नाव शोधून त्यावर 'एंड टास्क' करावे आणि मग पुन्हा एकदाच दाबावे.

हे जमत नसेल तर रीस्टार्ट करावा. येथे एक बारकी गोष्ट आहे, ती बऱ्याच जाणकारांनाही माहीत नसते. विंडोज १० आणि ११ मध्ये 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय बहुधा चालू असते. तिच्यामुळे 'शट डाऊन' केले तरी संगणकाचा गाभा पूर्ण रिकामा होत नाही. झोपवून ठेवल्यासारखा तो जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच पुन्हा उठवला जातो. दुखणे तिथे असेल तर ते तसेच राहते. 'रीस्टार्ट' केल्यावर मात्र सारे नव्याने सुरू होते. म्हणून "रोज रात्री बंद करतोय की साहेब" हे उत्तर पुरेसे नाही.

यानंतर जागा बघावी. 'धिस पीसी'मध्ये सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली असेल तर दुखणे सापडले म्हणून समजा. ब्राउझरला चालताना सतत काही ना काही लिहून ठेवावे लागते आणि लिहायला जागाच नसेल तर तो उघडून मिटतो, किंवा उघडतच नाही. डाऊनलोड्स फोल्डरमध्ये एकच सातबारा वीस वेळा उतरवलेला असतो, शेजारी लग्नाचे व्हिडिओ. नको ते काढावे, हवे ते पेन ड्राइव्हवर घ्यावे आणि रिसायकल बिन रिकामा करावा, नाहीतर जागा मोकळी होत नाही. विंडोज नावाच्या फोल्डरला मात्र हात लावू नये.

तारीखही बघावी. डेस्कटॉप संगणकात रुपयाच्या नाण्यासारखा एक सेल असतो, बहुधा सीआर २०३२ नावाचा. तो संपला की लाइट गेल्यावर तारीख काही वर्षे मागे जाते. मग ब्राउझर उघडतो, पण प्रत्येक सुरक्षित पानावर 'कनेक्शन खाजगी नाही' अशी पाटी येते. संकेतस्थळांच्या प्रमाणपत्रांना मुदत असते आणि तारीख चुकली की ती प्रमाणपत्रे खोटी वाटू लागतात. तारीख दुरुस्त करावी, सेल बदलावा. सेलला खर्च थोडा येतो आणि असा सेल घड्याळवाल्याकडेही मिळतो.

आता सर्वांत फसवा प्रकार. विंडोज ७ चा आधार मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० रोजी थांबवला. गुगलने त्यानंतरही काही काळ साथ दिली. परंतु जानेवारी २०२३ मध्ये आलेली क्रोमची १०९ वी आवृत्ती ही विंडोज ७ आणि ८ साठी शेवटची ठरली. आपल्याकडे विंडोज ७ वर चालणारे संगणक अजून दिसतात आणि त्यांवर ती १०९ वी आवृत्ती कशीबशी चालतेही. मग काही कारणाने ती अडते, कोणीतरी सल्ला देतो, "काढून नवीन घाल." जुना काढला जातो आणि नवा बसतच नाही, कारण त्याला विंडोज १० च्या खालचा संगणक चालत नाही. होते तेही गेले! म्हणून काढण्याआधी संगणकाची विंडोज कितवी आहे ते पाहावे. विंडोज ७ वर फायरफॉक्सची ११५ वी आवृत्ती चालते, पण तीही त्या विंडोजसाठी शेवटचीच. विंडोज १० चा नेहमीचा आधारही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ब्राउझर त्याच दिवशी बंद पडले नाहीत, तरी नवा संगणक घेणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

त्यातलाच आणखी एक प्रकार इंटरनेट एक्सप्लोररचा. निळा 'ई' दाबला की भलतेच काही उघडते, व्हायरस आला, अशी तक्रार येते. तो व्हायरस नव्हे. मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ रोजी तो ब्राउझर निवृत्त केला आणि फेब्रुवारी २०२३ पासून विंडोज १० वर तो बंदच करून टाकला. त्याच्या जागी एज उघडतो. एखादे जुने संकेतस्थळ एक्सप्लोररच मागत असेल तर एजच्या सेटिंगमध्ये 'आयई मोड' आहे, तो वापरावा.

विंडोज नवी आहे, जागा आहे, एज आणि फायरफॉक्स उघडतात, एकटा क्रोम उघडून मिटतो, असे असेल तर आपली जपलेली माहिती ज्या फोल्डरमध्ये असते तोच बहुधा खराब झालेला असतो. क्रोम काढून पुन्हा घातला तरी हा फोल्डर तसाच राहतो, त्यामुळे दुखणेही परत येते. अशा वेळी क्रोमच्या 'युजर डेटा' या फोल्डरमधील 'डिफॉल्ट' फोल्डरचे नाव बदलून 'डिफॉल्ट जुने' करावे. पुसू नये! त्यात आपल्या खुणा आणि जपून ठेवलेले पासवर्ड असतात. क्रोम नवा कोरा फोल्डर करून उघडेल. उघडला तर दोष सापडला, नाही उघडला तर जुने नाव परत द्यावे, काही बिघडत नाही. फायरफॉक्समध्ये याहून सोपे आहे. शिफ्ट बटण दाबून धरून तो उघडला की ट्रबलशूट मोडची विचारणा येते, त्यात जोडलेली उपकरणे बाजूला ठेवून तो सुरू होतो. त्या रीतीने चालला तर एखाद्या एक्स्टेन्शनचा दोष. एकाच संगणकात दोन-दोन अँटिव्हायरस असतील तर एक काढावा.

कधी कधी दोष आपला नसतोच. १३ जानेवारी २०२२ रोजी जगभरातले फायरफॉक्स एकाएकी ठप्प झाले. एका क्लाउड कंपनीने आपल्याकडे एक बदल केला आणि त्यामुळे फायरफॉक्समधला एक जुना दोष जागा झाला. ब्राउझर घाण्याच्या बैलासारखा गोल गोल फिरत राहिला, पान काही येईना. कंपनीने तिकडून दुरुस्त केले आणि नंतर रीस्टार्ट करणाऱ्यांचे चालू झाले. मार्च २०२१ मध्ये अँड्रॉइड फोनवरही तसेच झाले होते. 'अँड्रॉइड सिस्टीम वेबव्ह्यू' नावाच्या भागात बिघाड होऊन जीमेलसारखी अ‍ॅप उघडताच मिटू लागली. प्ले स्टोअरवरून वेबव्ह्यू आणि क्रोम अपडेट करणे एवढाच त्यावर उपाय होता. त्या दिवशी ज्यांनी फोन रीसेट केला असेल त्यांचे फोटो फुकट गेले असतील. म्हणून शेजाऱ्याचेही बंद आहे का, हे आधी विचारावे.

फोनवर क्रोम उघडत नसेल तर तिथेही क्रम तोच. फोन बंद करून चालू करावा. मग जागा बघावी, आणि व्हॉट्सअ‍ॅपचे सुप्रभात काढले तरी पुष्कळ मोकळी होते. त्यानंतर सेटिंगमध्ये अ‍ॅप्स, क्रोम, स्टोरेज येथे जाऊन 'क्लिअर कॅश' करावे. शेजारीच 'क्लिअर डेटा' लिहिलेले असते, ते दाबू नये.

एका गोष्टीबाबत मात्र आम्ही कडक शब्दांत सांगतो. ब्राउझर बिघडला म्हणून नेटवर 'कस्टमर केअर'चा नंबर शोधून फोन लावू नका. फुकट मिळणाऱ्या ब्राउझरला फोनवर बसून दुरुस्त करणारे कस्टमर केअर नसते. पलीकडचा माणूस गोड बोलून एनीडेस्कसारखे अ‍ॅप घालायला सांगतो, तुमचा पडदा त्याला दिसू लागतो आणि उसाचे बिल जमा झालेले खाते रिकामे होते. तसे घडलेच तर वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर कळवावे आणि बँकेला सांगावे.

एवढे करूनही न उघडल्यास पडद्यावर जी पाटी येते तिचा फोटो काढून गट कार्यालयात आणावा. "कायतरी इंग्रजीत आलं होतं" एवढ्यावरून आम्हांला काही सांगता येत नाही. संगणक कितव्या विंडोजचा, दुसरा ब्राउझर उघडतो का, हे कागदावर लिहून आणल्यास काम लवकर होईल. लावणीच्या नोंदी चालू असताना सकाळी गर्दी असते, तेव्हा दुपारी तीननंतर यावे.