पित्ताची पिशवी काढली, तरी पोट का दुखतं? डोळे पिवळे दिसले तर काविळीच्या माळेमागे लागू नका

खडे झाले म्हणून पित्ताची पिशवी काढली, टाके सुकले, माणूस पुन्हा शेतात जायला लागला. आणि तीन-चार महिन्यांनी एखाद्या जेवणावळीत मटणाचा रस्सा जरा जास्त झाला की रात्री उजव्या बरगडीखाली पुन्हा तीच कळ. घरचे म्हणतात, "खडे तर काढले, आता काय दुखतंय? मनाचं असेल." बाईमाणूस असेल तर हे जरा जास्तच ऐकावं लागतं.

पण हे मनाचं नसतं. ऑपरेशननंतर काही जणांना पोटाचा त्रास राहतो, हे डॉक्टरांना चांगलं माहीत आहे. वेगवेगळ्या पाहण्यांत असे रुग्ण शंभरात 5 पासून 40 पर्यंत आढळले आहेत. नेमका कशाला त्रास म्हणायचं, यावर हा आकडा बदलतो. बहुतेकांचा त्रास किरकोळ असतो आणि हळूहळू कमी होतो. काहींच्या त्रासामागे मात्र उपचार लागणारं कारण असतं.

आपल्याकडे घोळ 'पित्त' या शब्दापासूनच सुरू होतो. छातीत जळजळ झाली, आंबट पाणी आलं की 'पित्त झालं' म्हणतात. ते असतं जठरातलं आम्ल. पिशवीत साठतो तो पित्तरस वेगळा. तो यकृतात तयार होतो, दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर, आणि तेल-तूप पचवायला लागतो. पिशवी म्हणजे नुसता हौद, तोही जेमतेम 30 ते 50 मिलीचा. विहिरीचं पाणी हौदात साठवून पिकाला लागेल तेव्हा सोडावं, तसं तिचं काम. हौद काढला तरी विहीर चालूच राहते. फक्त पाणी साठत नाही, दिवसरात्र थोडं थोडं पाटाने वाहत राहतं.

म्हणून तेलकट जेवण एकदम पोटात गेलं की त्याला पुरेल एवढा पित्तरस त्या वेळी हाताशी नसतो. पोट फुगतं, जड वाटतं, मळमळतं. उलट काहींच्या बाबतीत हाच रस मोठ्या आतड्यात जास्त उतरतो आणि जुलाब होतात. न्याहारी झाली रे झाली की पळावं लागतं. मजुरीला जाणाऱ्या बाईची यात फार अडचण होते, रानात सोय नसते आणि सांगायची लाज वाटते. यावर पित्तरस बांधून ठेवणारं कोलेस्टायरामिन नावाचं औषध आहे. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यावं. इतर गोळ्या त्याच्यासोबत घेतल्या तर त्या अंगी लागत नाहीत, म्हणून प्रत्येक गोळीची वेळ विचारून घ्यावी.

"नुसते खडे काढून पिशवी ठेवता आली नसती का?" हा प्रश्न हमखास येतो. ठेवली तर तिच्यात पुन्हा खडे होतात, म्हणून पिशवीच काढतात. मुतखड्यासारखं भरपूर पाणी पिऊन किंवा कुळथाचा काढा घेऊन हे खडे पडत नाहीत.

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी 1990 मध्ये हे ऑपरेशन दुर्बिणीने केलं. भारतातलं ते पहिलं. आता एक-दोन दिवसांत सुट्टी मिळते. सोय झाली, पण पुढे काय खायचं, कधी दाखवायचं, हे नीट समजून घ्यायच्या आत रुग्ण घरी पोहोचलेला असतो. पहिले दोन-तीन दिवस खांदा दुखला तर घाबरू नये. ऑपरेशनवेळी पोटात भरलेल्या गॅसमुळे तसं होतं. फवारणीचा पंप पाठीवर घेणं, पोती उचलणं मात्र डॉक्टर हो म्हणेपर्यंत बंद. बेंबीजवळ खोकताना फुगा येत असेल तर तो हर्निया असू शकतो.

खाण्याचं म्हणाल तर तेल-तूप कायमचं तोडायची गरज नसते. एकदम पोटभर दोन वेळा जेवण्यापेक्षा थोडं थोडं चार वेळा खावं. पुरणपोळीवर तुपाची धार धरायची असेल तर त्या दिवशी भजी-वडे नकोत. भाकरी, मुगाचं वरण, दोडका-दुधी, ताक बहुतेकांना सोसतं. कुणाला दूध चालत नाही, कुणाला शेंगदाण्याचं कूट. आठ-पंधरा दिवस काय खाल्लं आणि काय झालं हे लिहून ठेवलं की आपलं आपल्याला कळतं.

दुखणं खाण्याशी जुळत नसेल तर नुसती 'पित्ताची गोळी' गिळत बसू नये. कधी अल्सर किंवा आम्लाचा त्रास आधीपासूनच असतो आणि खापर खड्यांवर फुटलेलं असतं. पोटाच्या वरच्या भागात दुखून दरदरून घाम सुटला, दम लागला तर हृदयाचा झटकाही असू शकतो. तिथे गॅस समजून सोडा पिण्यात वेळ घालवू नये.

सर्वात धोक्याची गोष्ट म्हणजे नळीत अडकलेला खडा. पिशवी गेली तरी यकृतापासून आतड्याकडे जाणारी नळी जागेवरच असते. तिच्यात एखादा खडा राहून जातो, क्वचित वर्षांनी नवाही होतो. मग डोळे पिवळे दिसतात, लघवी चहासारखी गडद होते, शौच पांढुरकी, अंगाला खाज. गावात लगेच सांगतात, 'कावीळ झाली, माळ घाल, नाकात थेंब सोडून घे.' पण ही कावीळ वाट अडल्यामुळे झालेली असते. अडलेला खडा माळेने हलत नाही. त्यात हुडहुडी भरून ताप आला तर नळीत जंतू वाढलेत असं समजावं. ते रक्तात पसरले तर जीवावर बेततं. असा ताप आला की त्याच दिवशी, रात्र असली तरी, 108 ला फोन करून मोठं रुग्णालय गाठावं.

तिथे रक्ताची तपासणी आणि सोनोग्राफी होते. नळीतला खडा सोनोग्राफीत कधी कधी दिसत नाही, म्हणून एमआरसीपी करायला सांगतात. हा एमआरआयचाच प्रकार. खडा सापडला तर बहुतेक वेळा पुन्हा पोट फाडावं लागत नाही. तोंडातून दुर्बीण घालून तो काढतात, त्याला ईआरसीपी म्हणतात. ही सोय सगळीकडे नसते, म्हणून निघण्याआधी फोन करून विचारावं. खर्च सरकारी योजनेत बसतो का, हे योजनेतल्या रुग्णालयात बसणारा आरोग्यमित्र सांगतो.

जाताना डिस्चार्ज कार्ड आणि जुनी सोनोग्राफी सोबत न्यावी. काढलेली पिशवी तपासायला पाठवली होती का, हेही बघावं. तो बायोप्सीचा रिपोर्ट पुष्कळ जण आणतच नाहीत. क्वचित त्यात कर्करोग निघतो. आपला रिपोर्ट अजून दवाखान्यातच पडून असेल तर या आठवड्यात जाऊन घेऊन यावा आणि डॉक्टरांकडून वाचून घ्यावा.