पिकअप गाडीची अधूनमधून होणारी थरथर : परीक्षा व उपाय

मुरगूड व भोवतालच्या वेदगंगाकाठच्या गावांत शेतमाल वाहून नेण्याचे काम आता बव्हंशी बैलगाडीकडून पिकअप गाडीकडे आले आहे. गुळाचे रवे, भाजीपाला, दुधाचे कॅन, परतीच्या खेपेत खताची पोती, असा सर्व भार एकाच गाडीवर पडतो. बैलगाडीचे चाक डगमगू लागले की त्याचे कारण डोळ्यांना दिसत असे. आरा सैल झाला किंवा धाव ढिली पडली, हे शेतकऱ्याला दुसऱ्याने सांगावे लागत नसे. पिकअपचे तसे नाही. तिची फिरणारी अंगे झाकलेली असतात, आणि बिघाड प्रथम कळतो तो केवळ थरथरीच्या रूपाने.

ही थरथर सदैव होत असेल, तर शोध सोपा असतो. त्रास होतो तो कधी येणाऱ्या व कधी न येणाऱ्या थरथरीचा. गाडी मिस्त्रीपुढे उभी केली की ती शहाण्या मुलासारखी वागते. याचे कारण गूढ नाही. मुरगूडच्या बाजारपेठेतून गाडी फिरवून आणली, तर तिचा वेग क्वचितच ताशी ३० किलोमीटरच्या वर जातो. थरथर मात्र कागलला महामार्गावर लागल्यानंतर ७० च्या पुढे सुरू होते, आणि तीही गाडी भरलेली असताना. रिकामी गाडी गल्लीत चालवून पाहणाऱ्याला दोष सापडला नाही, तर तो त्याचा अपराध नव्हे. पण मग अंदाजाने आज टायर, उद्या बेअरिंग, परवा आणखी काही बदलले जाते व पैसा वाया जातो. यास्तव थरथर कोणत्या स्थितीत येते, हे मालकानेच प्रथम निश्चित केले पाहिजे. ती कधी येत नाही, हेही तितक्याच काळजीने पाहावे.

मात्र या शोधास लागण्यापूर्वी एक काम विनाविलंब करावे. गाडी सपाट जागी उभी करून चारही चाकांचे नट पान्याने तपासावेत. सैल नटांनीही अशीच थरथर होते व शेवटी चाक निखळते. नट आवळताना शेजारचा न घेता समोरासमोरचे घ्यावेत, आणि सुमारे ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर पुन्हा पाहावेत. टायरला कोठे फुगा आला आहे काय, हे आतील बाजूसही हात फिरवून पाहावे. फुगा आढळल्यास त्या टायरवर भरलेली गाडी नेऊ नये.

चाकाचा हिशेब

पिकअपच्या टायरचा घेर साधारणपणे सव्वादोन मीटरच्या आत असतो. ताशी ७२ किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला २० मीटर जाते. म्हणजे चाक सेकंदाला नऊ-साडेनऊ फेरे घेते. आता आपल्याकडील काळ्या मातीचा पाव किलोचा गोळा रिमच्या आतल्या बाजूस, मध्यापासून २० सेंटिमीटरवर, चिकटून वाळला आहे असे समजा. त्या वेगाने तो चाकाला सुमारे १७ किलो वजनाइतक्या जोराने बाहेर ओढतो, आणि तीही प्रत्येक फेऱ्यात निराळ्या दिशेला. वेग निम्मा केला की ही ओढ निम्मी न होता चौथाई होते. म्हणूनच गावात जे जाणवत नाही, ते महामार्गावर हात थरथरविते. पुढे पावसात ढेकूळ गळून पडले, की थरथर आपोआप नाहीशी होते, आणि मधल्या काळात बदललेल्या सुट्या भागाला त्याचे श्रेय मिळते! शेतातून आलेल्या गाडीच्या रिम आतून धुणे, हा सर्वांत स्वस्त उपाय होय.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना चकविते. थरथर ७० ते ८० च्या दरम्यान येते व ९० ला कमी होते. वेग वाढला असता दोष वाढावयास हवा, असे वाटते. परंतु पाटे व टायर यांच्यावर तोललेल्या आसाला झोपाळ्याप्रमाणे स्वतःची अशी एक लय असते. चाकाचे धक्के त्या लयीशी जुळले की हेलकावा मोठा होतो, आणि लय मागे पडली की ओसरतो. दोष तेथेच असतो.

चालवून पाहण्याची रीत

सकाळी रहदारी नसताना, सपाट व सरळ रस्त्यावर, सोबत एक माणूस व वही घेऊन गाडी न्यावी. चालकाने केवळ चालवावे आणि सोबत्याने लिहावे. वेग किती, गिअर कोणता, भार किती, गाडी थंड की तापलेली, थरथर स्टिअरिंगला जाणवते की बैठकीखाली, एवढे टिपले तरी पुरे. स्टिअरिंग थरथरत असल्यास दोष बहुधा पुढील चाकांत असतो, आणि बैठक थरथरत असल्यास मागे.

त्यानंतर तोच वेग दोन निरनिराळ्या गिअरमध्ये धरावा. गिअर बदलल्याने इंजिनाचे फेरे बदलतात, चाकांचे बदलत नाहीत. थरथर तशीच राहिली, तर इंजिन निर्दोष मानण्यास हरकत नाही. मग ज्या वेगाला थरथर येते, तेथे काही क्षण क्लच दाबून पाहावा. किल्ली मात्र कधीही बंद करू नये, आणि घाटात किंवा उतारावर हा प्रयोग मुळीच करू नये. क्लच दाबूनही थरथर चालू राहिली, तर चाक, रिम अथवा दांड्याचा तोल यांवर संशय घ्यावा. ती थांबली, तर जोर लागतानाच उघडा पडणारा दोष आहे असे समजावे. पुढची चाके मागे व मागची पुढे घालून पाहण्यास काही खर्च नाही. थरथरही जागा बदलून गेली, तर चोर त्या चाकातच आहे.

केवळ ब्रेक लावताना येणारी थरथर ड्रम किंवा डिस्कची असते. भार घेऊन निघतानाच गाडी अडखळत थरथरली, तर क्लच, इंजिनाचे फाउंडेशन व पाट्यांचे यू-बोल्ट पाहावेत.

मधला दांडा

पुष्कळ वेळा दोष निघतो तो मात्र गिअरपेटीपासून मागील आसाकडे जाणाऱ्या शाफ्टमध्ये, आणि तेथेच मिस्त्रीचीही अधिक फसगत होते. चाकाच्या एका फेऱ्यात हा दांडा साधारण चार फेरे घेतो. त्यामुळे त्याची थरथर चाकासारखी धबधब नसून भुंग्याच्या गुणगुणण्यासारखी बारीक व भरभर असते. त्याच्या टोकांना क्रॉसचे सांधे असतात. असा सांधा वाकून फिरतो तेव्हा अलीकडचा दांडा एकसारखा फिरत असला, तरी पलीकडचा प्रत्येक फेऱ्यात दोनदा किंचित पुढे धावतो व दोनदा रेंगाळतो. दुसरा सांधा तितकाच वाकलेला व दोन्ही काटे एका रेषेत असतील, तर एकाची चूक दुसरा भरून काढतो. भार चढला की पाटे दबतात, आस वर सरकतो व सांध्यांचे कोन बदलतात. सांधे चांगले असतील तर हा फरक खपून जातो, झिजलेले असतील तर खपत नाही.

समजा, मुरगूडहून गूळ घेऊन निघालेली गाडी कागलच्या पुढे ६५ ते ७५ या वेगात बैठकीखाली गुणगुणते. पाय दाबला की थरथर वाढते आणि सोडला की कमी होते. कोल्हापूरहून रिकामी परतताना काहीच नाही. चौथ्या व पाचव्या गिअरमध्ये फरक नाही, चाके बदलूनही फरक नाही. एवढ्या नोंदी वहीत असल्या, तर मिस्त्रीने चाकांना हात न लावता थेट शाफ्टकडे जावे. क्रॉसच्या वाट्यांजवळ तांबूस भुकटी दिसल्यास आतील वंगण संपून सुया गंजल्या आहेत. दांडा लांब असल्यास तो दोन तुकड्यांचा असतो व मध्ये सेंटर बेअरिंग असते. त्याचा रबर वरून अखंड दिसला, तरी पहारीने हलके उचलताच फाटलेला भाग उघडा पडतो. ही पाहणी शक्य तर गाडी भरलेली असतानाच, सपाट जागी, चाकांना ठोकळे लावून, इंजिन बंद ठेवून करावी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. क्रॉस तुटून दांड्याचे पुढचे टोक चालत्या गाडीखाली रस्त्यावर पडले, तर गाडी उलटू शकते. सबब असा दोष आढळल्यावर हंगाम संपेपर्यंत थांबू नये.

शाफ्ट उतरविण्यापूर्वी दोन्ही तुकड्यांवर व जोडाच्या चकत्यांवर रंगाची रेघ ओढून घ्यावी आणि चढविताना रेघेस रेघ जुळवावी. एक दाता चुकला, तरी काटे रेषेबाहेर जातात आणि नवा क्रॉस घालूनही गाडी थरथरते. दुरुस्तीनंतरची परीक्षा गल्लीत न घेता, तितकाच गूळ भरून, त्याच रस्त्यावर व त्याच वेगाने घ्यावी, आणि तिची नोंद त्याच वहीत जुन्या नोंदीखाली करावी.